फायनल कोण जिंकलं

बाबा म्हणाले, एक वर्ष घरी राहून ये.
बाहेरचं बघ. मग बोल.
आश्रमाच्या फाटकापासून सावद्याच्या स्टँडपर्यंत
अकरा किलोमीटर,
आणि एसटीतल्या बाईनं सरकून दिलेली जागा
माझ्या काळ्या वस्त्रापासून वीतभर लांब.

पाच वर्षांची होते तेव्हा आईनं मला अर्पण केलं.
विषमज्वरातून उठले, म्हणून.
त्याचा राग नाही मला. कधी कधी आहे.
विचारलं तर म्हणते, तू वाचलीस ना,
आणि पोळ्या लाटायला बसते.

आता माझ्याकडे दोन जीन्स आहेत.
एक हर्षालीनं दिलेली, गुडघ्यावर मुद्दाम फाटकी.
काकू म्हणते, धड कापड नाही भेटलं का व माय?
फैजपूरच्या कॉलेजात अकरावी, मागून तिसरा बाक.
घरचा पंथ कळला की पुढचा प्रश्न ठरलेला:
तुम्ही लोक गणपतीच्या पाया का नाही पडत?
उत्तर मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे.
पण आरतीनंतर मोदक तळहातावर आला
तेव्हा उत्तर आठवलं नाही,
नुसता तो गरम होता, आणि तुपाचा वास.
खाल्ला नाही. टाकलाही नाही.
कंपासपेटीत ठेवला.
तीन दिवसांनी मुंग्यांनी काय ते ठरवलं.

सारंगधरचं पत्र येतं महिन्यातून एकदा,
आश्रमात धान्य टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या हाती.
वहीचं पान, आठ घड्या.
पहाटे नामस्मरणाला तो पुरुषांच्या ओळीत, मी बायांच्या,
दोन्ही ओळी एकाच वेळी पेंगायच्या.
त्याचं वर्ष माझ्यानंतर.
लिहितो आमच्या लिपीत,
जी जुन्या आचार्यांनी केली
ज्ञान परक्याच्या हाती पडू नये म्हणून.
त्या अक्षरांत त्यानं विचारलंय:
फायनल कोण जिंकलं?
नवी स्प्लेंडर लिटरला किती देते?
मोबाइलवर मोर नदी वरून दिसते म्हणतात, खरंय का?

मी स्टेशनवर वाचलं ते, काकाचा डबा द्यायला गेले तेव्हा.
वॅगनमध्ये घड चढत होते, दिल्लीचे.
केळी हिरवीच तोडतात.
पिकते ती वाटेत,
कुठल्या स्टेशनाला, हे कुणी लिहून ठेवत नाही.

रात्री उत्तर मोबाइलवर लिहायला बसले.
आमच्या लिपीचा कीबोर्ड नाही. खूप शोधला.
मग वही फाडली.
जिंकलो, लिहिलं, शेवटच्या ओव्हरला.
स्प्लेंडर साठ देते. काका पासष्ट सांगतो, काका फेकतो.
नदी दिसते वरून, सुतळीएवढी.
आश्रम नाही दिसत, चिंचेची झाडं दिसतात,
तीही बोटांनी मोठी केली की पुसट होतात.
आणि खाली, लिहायचं नव्हतं तरी:
पहाटे माझ्या जागेवर कोण बसतं?
माझी चटई कुणी घेतली का?
हे अक्षर जरा चुकलं. हात बसलेला नाही आता.

वर्ष भरायला एकवीस दिवस.
हर्षाली म्हणते, पार्लरचा कोर्स करू भुसावळला,
दोघींची अर्धी फी तिनं भरूनही टाकली.
बाबांचा निरोप नाही. ते बोलावणार नाहीत,
त्यांना वाट बघता येते, हेच अवघड आहे.

आज मी ट्रंकेतली वस्त्रं काढून धुतली.
कारण काही नव्हतं.
गच्चीवर वाळत घातली, जीन्सच्या शेजारी.
त्रेचाळीस अंशांत अर्ध्या तासात
दोन्ही पापडासारखी कडक.
खालून काकू ओरडली,
आत घे व माय, रंग उडून जाईन!
कशाचा, ते काही बोलली नाही.